जगदीशचंद्रांचे एक तप

१८८५ च्या जानेवारीत पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालय उघडले आणि काही तरुण पदवीधरांनी अल्प वेतनावर विद्यादानाचे व्रत घेतले. त्याच वर्षी कलकत्त्यास, म्हणजे आजच्या कोलकात्यास, प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकविण्यासाठी सव्वीस वर्षांचे एक अध्यापक रुजू झाले. त्यांनी तर वेतन घेण्याचेच नाकारले. केंब्रिज व लंडन या दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या घेऊन परतलेले हे अध्यापक म्हणजे जगदीशचंद्र बोस.

नकाराचे कारण स्वाभिमानाचे होते. भारतीय अध्यापकास युरोपीय अध्यापकाच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचेही अर्धे. तीन वर्षे त्यांनी शिकविण्याचे काम चोख केले, पण वेतनाला हात लावला नाही. वडिलांच्या डोक्यावर कर्ज होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निग्रहाची किंमत कळते. अखेर सरकारने पूर्ण वेतन मान्य केले, तेही पहिल्या दिवसापासून. त्या रकमेतून वडिलांचे ऋण फिटू लागले.

दुसरा झगडा वर्गातला होता. एन्ट्रन्स उत्तीर्ण होऊन सोळा-सतरा वर्षांची मुले त्या काळी महाविद्यालयात येत. परक्या भाषेतले टिपण पाठ करावे, परीक्षेत ते उतरवून काढावे आणि एखादी नोकरी धरावी, एवढेच बहुतेकांचे ध्येय. अशा विद्यार्थ्याचे मन विज्ञानाकडे वळवावयाचे, तर केवळ व्याख्यान पुरणार नाही, हे जगदीशचंद्रांस ठाऊक होते. कारण ते स्वतः सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ यांच्या हाताखाली शिकले होते. हे बेल्जियन धर्मगुरू उपकरणे मांडून, प्रयोग करून पदार्थविज्ञान शिकवीत. आधी डोळ्यांनी पाहावे, मग नियम समजून घ्यावा, अशी त्यांची पद्धत. तीच जगदीशचंद्रांनी प्रेसिडेन्सीत उचलली. फोनोग्राफ आणि छायाचित्रणाचा कॅमेरा ही त्या काळची नवलाईची यंत्रे त्यांच्या खास आवडीची होती. प्रयोगाच्या टेबलाने जे साधले, ते हजेरीच्या धाकाने साधले नसते.

तथापि उत्तम शिकविण्यात सारा दिवस जाई. आठवड्याला सव्वीस तास व्याख्याने, शिवाय प्रयोगांची सिद्धता. स्वतःचे अध्ययन करावयाचे ते कॉलेज सुटल्यावर. संशोधन हे अध्यापकाचे कर्तव्य आहे, असे शिक्षणखाते मानीत नव्हते. त्यामुळे त्यासाठी कामाचे तास कमी होणे शक्यच नव्हते. हाइनरिख हर्ट्झ यांनी विद्युत्‌लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या होत्या. त्यांच्या कार्यावरील ऑलिव्हर लॉज यांचे लेखन वाचून जगदीशचंद्र त्या विषयाकडे ओढले गेले. ३० नोव्हेंबर १८९४ रोजी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी संशोधनाचा संकल्प केला. जागा मिळाली ती स्नानगृहालगतची, अवघ्या चोवीस चौरस फुटांची एक खोली. साहाय्यकही कोणी पदवीधर नव्हता. एका साध्या पत्र्याच्या कारागिराला त्यांनी शिकवून तयार केले.

येथेच या कथेचे मर्म आहे. अध्यापन आणि अध्ययन हे दोघे जणू एकाच ताटात जेवणारे. एकाचा घास दुसऱ्याला कमी पडतो, असे वाटते. वेळेपुरते ते खरेही आहे. परंतु डोळ्यांना न दिसणारी गोष्ट साध्या साहित्यातून दाखविण्याची जी हातोटी वर्गात लागते, तीच त्या लहान खोलीत उपयोगी पडली. हर्ट्झच्या लहरी लांब, त्यांसाठी उपकरणेही अवजड. जगदीशचंद्रांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या, आणि सारा संच टेबलावर मावू लागला. या लहरींचे ध्रुवण दाखविण्यास त्यांनी काय वापरावे? ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक! पुढे १८९८ साली पिळलेल्या तागाने त्यांनी लहरींच्या ध्रुवणाची दिशा वळवून दाखविली. तागाच्या बंगालात याहून स्वस्त साधन कोणते मिळणार?

फळ लवकर आले. मे १८९५ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांचा पहिला निबंध वाचला गेला. त्याच सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये, मधल्या भिंती ओलांडून गेलेल्या लहरींनी दूरची घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली. १८९६ साली लंडन विद्यापीठाने त्यांस डी. एस्सी. ही पदवी दिली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. नोकरीवर रुजू झाल्यापासून तेव्हा जवळजवळ एक तप पुरे होत आले होते.

त्यांच्या मागून प्रेसिडेन्सीत मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस शिकले. कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या सायन्स कॉलेजात हे दोघे तरुण अध्यापक झाले, तेव्हा शिकवावयाचा विषय आधी स्वतः शिकावा लागे. त्यासाठी ते जर्मन भाषाही शिकले. त्यातूनच आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचे इंग्रजी भाषांतर १९२० साली विद्यापीठाने प्रसिद्ध केले.

अध्यापकाला अभ्यासासाठी सवड द्यावी की नाही, हा वाद जुना आहे. जगदीशचंद्रांस सवड मिळाली नाही. म्हणून ती देऊ नये, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. एका असामान्य पुरुषाने रात्री जागून जे साधले, ते सामान्य शिक्षकास दिवसाउजेडी साधता यावे, यातच शिक्षणसंस्थेचे शहाणपण आहे. कारण जो स्वतः शिकत राहतो, त्याच्याच वर्गात मुलांना शिकण्याची गोडी लागण्याचा संभव अधिक.