फडके, वासुदेव बळवंत : पूर्वायुष्य

(४ नोव्हेंबर १८४५ – १७ फेब्रुवारी १८८३). आद्य क्रांतिकारक. जन्म शिरढोण (ता. पनवेल) येथे. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. त्या पराभवाच्या कथा वासुदेवांनी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकल्या, असे चरित्रकार सांगतात.

शिक्षण कल्याण, मुंबई व पुणे येथे, तुटक. अभ्यासापेक्षा तालीम आणि घोड्यावर बसणे यांची ओढ अधिक. वडिलांनी दुकानात दरमहा दहा रुपयांवर चिकटण्यास सांगितले, ते न मानून ते मुंबईस गेले, असे म्हणतात. रेल्वे, ग्रँट मेडिकल कॉलेज व कमिसरिएट (लष्करी रसद खाते) अशा नोकऱ्या करीत अखेर पुण्यास लष्करी हिशेब खात्यात कारकून झाले.

१८७० च्या सुमारास आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. रजेचा अर्ज वेळेत मंजूर झाला नाही. ते तसेच शिरढोणास निघाले. पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढे वर्षश्राद्धासाठीही रजा नाकारली गेल्याचे चरित्रांत येते. इंग्रज सरकारविरुद्धच्या त्यांच्या पुढील बंडाचे मूळ या एका प्रसंगात शोधण्याची प्रथा पडली आहे, ती सोयीची असली तरी अपुरी आहे. यानंतरही सुमारे आठ वर्षे ते त्याच खात्याचा पगार घेत होते. सरकारचा लष्करी खर्च रोज डोळ्यांखालून जाणाऱ्या या कारकुनाने न्या. रानडे यांची देशी व्यापाराच्या ऱ्हासावरील व्याख्याने ऐकली, हे रजेच्या अर्जाइतकेच महत्त्वाचे मानावे लागते.

पहिली पत्नी सईबाई निवर्तल्यावर गोपिकाबाईंशी विवाह. दत्तभक्ती उत्कट.

पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शस्त्रविद्या शिकले. रामोशी, मांग आदी समाजांतील तरुणांशी त्यांचा संबंध येथूनच जुळला असावा.

वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत सहभाग.

१८७६–७८ च्या दुष्काळात त्यांनी गावोगाव फिरून उपासमार पाहिली. पुण्यातील सुशिक्षितांनी बंडाच्या कल्पनेला साथ दिली नाही, रामोशांनी दिली. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी येथे बंडासाठीचा पहिला दरोडा पडला, तेव्हा फडक्यांचे वय ३३ होते.