गाईला डाग

माझ्या आजीला अक्षर-ओळख नव्हती. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उमेदवारागणिक वेगळी पेटी असायची आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. "बैलजोडीच्या पेटीत कागद टाकून आले," एवढंच तिला त्या मतदानाचं आठवायचं. पुढं एकाच कागदावर सगळी चिन्हं आणि रबरी शिक्का आला, तरी गावची तऱ्हा तीच. भावकी जिकडं, मत तिकडं. सोसायटीचा चेअरमन रात्री ओसरीवर येऊन टेकला, की सकाळचं मतदान ठरलेलं. आदल्या रात्री कुठं बाटली फिरायची, कुठं देवळात भंडारा उचलून शपथा व्हायच्या. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकत होतो. मला वाटायचं, या अडाण्यांच्या हाती देशाचं काय होणार?

आमच्या घरी दुपारच्या एस.टी.नं वर्तमानपत्र यायचं. वडील प्राथमिक शिक्षक. ते वाचायचे, मग मी. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि छापील बातमीवर सेन्सॉर बसला. पेपरात सगळं छान चाललेलं असायचं. गाड्या वेळेवर, कचेऱ्या वेळेवर. नसबंदीचे आकडे तर धरणाच्या पाण्यासारखे चढते. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. पेपर वाचणाऱ्याला तो आकडा म्हणजे प्रगती वाटायची. मलाही वाटली.

आजीची बातमी यायची आठवड्याच्या बाजारातून. कुठल्या वाडीतली माणसं जीप दिसली की उसात पळतात, कुणाचा नवरा रात्री घरी झोपत नाही, हे तिला बांगड्या भरता भरता कळायचं. आणि एक बातमी तर घरातलीच होती. शिक्षकांना 'केसेस' आणायला सांगितलं होतं. नाही आणल्या तर पगार अडणार. वडिलांनी दोन महिने कळ काढली. मग आमच्या सालगड्यालाच घेऊन गेले. त्याला दोन मुली होत्या, मुलगा हवा होता. "गुरुजी म्हनत्यात म्हंजे बऱ्यासाटीच आसंल," म्हणत तो गेला. परत आल्यावर आठ दिवस कुणाशी बोलला नाही. भाकरी मात्र गोठ्यात नेऊन खायला लागला.

मार्च १९७७ मध्ये मतदान आलं. काँग्रेसचं चिन्ह गाय-वासरू, जनता पक्षाचं नांगरधारी शेतकरी. वडील आजीला म्हणाले, "आई, गाय-वासरावर मार. उगीच कुणाच्या डोळ्यावर यायला नको."

आजी म्हणाली, "गाईवर शिक्का मारायचा म्हंजे गाईला डाग द्यायचा. मी न्हाई बाबा दिनार."

सगळे हसले. मीही हसलो, म्हातारीला शिक्का आणि डाग यातला फरक कळत नाही म्हणून. मतदानाहून परत येताना ती गोठ्याकडं बघत हळूच म्हणाली, "त्येच्या घरात दिवा लावाय पोरगं न्हाई आता. त्ये कुनी लिवलं का रं तुज्या पेपरात?"

निकाल रेडिओवर लागले. रायबरेलीत इंदिराबाई पडल्या. उत्तर प्रदेशातल्या ८५ जागांत काँग्रेसला एकही नाही, बिहारातल्या ५४ मध्येही नाही. आंध्रात मात्र ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसच्याच. महाराष्ट्र मधोमध : ४८ पैकी २०. सेन्सॉर तर सगळ्या देशाला सारखाच होता. पण नसबंदीची सक्ती उत्तरेत जास्त झाली होती. दक्षिणेकडं ती त्या मानानं कमी. कारणं आणखीही असतील, पण जिथं धग अंगाला लागली तिथं मत फिरलं, हे आज आकडे बघताना साफ दिसतं.

म्हणून आजीला मी थोर विचारवंत ठरवत नाही. तिला न्यायालयाचे अधिकार, घटनादुरुस्ती यातलं काही ठाऊक नव्हतं. तुरुंगात हजारो माणसं होती, त्यांचं तिला फारसं सोयरसुतक नव्हतं. १९८० साली तिनं गुमान हातावर शिक्का मारला. मी चिडून म्हणालो, "आजे, इसरलीस काय?"

"इसरले न्हाई. पर आता रॉकेल मिळंना, साकर मिळंना, आन् ही मानसं दिल्लीत भांडत बसल्यात. आंदारात किती दीस बसायचं?" त्या वर्षी शहरांत कांद्यावरून सभा गाजत होत्या, आमच्याकडं रॉकेलच्या डब्यावरून. इंदिराबाई ३५० हून जास्त जागा घेऊन परत आल्या.

मतदाराला माहिती किती, असं कुणी विचारलं की मला आमची ओसरी दिसते. पेपर वाचणारे आम्ही दोघं, आणि न वाचणारी ती. गोठ्यात काय झालं ते तिघांनाही ठाऊक होतं. वडिलांनी १९७७ ला मत कुणाला दिलं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पाडव्याला साल संपलं तसा आमचा गडी दुसऱ्याच्या वस्तीवर राहायला गेला. जाताना आजीच्या पाया पडला. वडील तेव्हा पेपर तोंडापुढं धरून बसले होते.