वाऱ्याचे कवच आणि आंबिवलीची पट्टी

मोटारसायकलच्या इतिहासात इंजिनावर पानेच्या पाने लिहिली जातात. फेअरिंगच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. फेअरिंग म्हणजे वारा कापण्यासाठी गाडीच्या तोंडाशी बसवलेले कवच. आपले गॅरेजवाले त्यालाही सरसकट 'व्हायझर'च म्हणतात.

१९५०च्या दशकात इटलीतील मोटो गुझीने शर्यतीच्या गाड्या वातबोगद्यात तपासल्या. पुढचे चाकही झाकणाऱ्या कवचांनी वेग वाढला, पण आडवा वारा सुटला की गाडीचे तोंड ढकलले जाई. १९५७चा हंगाम संपताच आंतरराष्ट्रीय महासंघाने अशी कवचे बंद केली. त्याच दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या रॉयल एन्फिल्डने 'एअरफ्लो' नावाने रस्त्यावरच्या गाड्यांना फायबरचे कवच दिले. १९७६ साली बीएमडब्ल्यूच्या आर१००आरएसवर पूर्ण फेअरिंग कारखान्यातूनच आले, तेही चौकटीला जोडलेले. हँडलला जोडलेले कवच वाऱ्याचा रेटा थेट स्टिअरिंगमध्ये आणते. चौकटीवरचे आणत नाही.

मद्रासला १९५५पासून तयार होऊ लागलेली बुलेट मात्र उघडीच राहिली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या बुलेटवर फेअरिंग दिसले, तर ते बहुधा स्थानिक हातांचे काम असते. त्याची नोंद कंपनीच्या कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही.

आंबिवलीत अशीच एक बुलेट माझ्याकडे कामाला आली. शेजारच्या मोहन्यात नॅशनल रेयॉनचा कारखाना होता, तो २००९ साली बंद पडला. तिथल्याच एका फिटरने गाडीच्या पट्ट्या घडवल्या होत्या. डाव्या पट्टीचे भोक कानशीने चार मिलिमीटर लांबवलेले होते. नव्या मालकाला ते ओबडधोबड वाटले. त्याने दोन्ही बाजूंना सारख्या, नव्या पट्ट्या आणल्या.

गाडी डबल स्टँडवर सरळ उभी केली. सगळे नट सैल ठेवून ओळंबा सोडला. नव्या पट्ट्यांवर कवच उजवीकडे कलले. जुन्यांवर मधोमध आले. चौकटीचा डावा कान कधीतरी पडझडीत वाकला होता आणि फिटरने तेवढेच माप भोकात भरून काढले होते. मग हँडल दोन्ही टोकांना फिरवून, पुढचे शॉकअप पूर्ण दाबून काही घासत नाही ना ते पाहिले. रबरी वायसर घातले, कारण एकाच सिलिंडरच्या धडधडीत फायबर भोकापासूनच तडकते. ताण न देता नट शेवटी आवळले.

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत 'ओरिजिनल' म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, असा अर्थ रूढ आहे. या हिशोबाने ती पट्टी भंगारात जाते आणि तिच्यासोबत एका कामगाराने घेतलेले मापही. तेव्हा पट्टी बदलायचीच असेल, तर आधी भोकांची मापे कागदावर उतरवावीत, फोटो काढावा आणि जुनी पट्टी गाडीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावी.