एका लाल वायरची गोष्ट

गेल्या शनिवारी माळा आवरायला काढला. (म्हणजे आईने काढायला लावला.) जुन्या पुस्तकांखाली एक बुटाचं खोकं सापडलं आणि त्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी बनवलेला माझा रेडिओ ट्रान्सीव्हर! तांब्याचा पत्रा चढवलेला बोर्ड, त्यावर उलटेसुलटे डकवलेले ट्रान्झिस्टर, नळाच्या वॉशरवर गुंडाळलेल्या कॉइल्स, आणि एका कोपऱ्यात दोन इंचांची लाल वायर. एक टोक जोडलेलं, दुसरं हवेत.

"हे भंगारात टाकायचं ना?" आईने विचारलं. मी ते खोकं जवळजवळ हिसकावूनच घेतलं. त्या वायरमागे एक गोष्ट आहे. पण ती कळायला थोडा इतिहास सांगावा लागेल, तर आधी तो.

हॅम रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, हौस म्हणून वायरलेसवर जगभर गप्पा मारणं. या हौसेत दोन जातीचे लोक असतात. एक, तयार सेट विकत घेऊन बोलणारे. दोन, सेट स्वतः बनवणारे आणि मग बोलायचं विसरून तोच पुन्हा पुन्हा उघडणारे. मी दुसऱ्या जातीचा.

बनवणाऱ्यांची पंढरी म्हणजे अमेरिकेतली हीथकिट. एडवर्ड हीथ नावाच्या गृहस्थाने सुरू केलेली ही कंपनी मुळात विमानांचे किट विकायची! १९३१ साली हीथ विमान अपघातातच गेला. पुढे १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनीने कंपनी घेतली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे उरलेले सुटे भाग स्वस्तात उचलून १९४७ साली ऑसिलोस्कोपचं किट काढलं. तिथून रांगच लागली. रेडिओ, टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि हॅम लोकांसाठी ट्रान्सीव्हर. हीथकिटची खरी कमाल होती त्यांचं मॅन्युअल. कुठली वायर किती इंच कापायची, कुठे डाग द्यायचा, झालं की चौकोनात खूण करायची. स्टीव्ह जॉब्जने १९९५ च्या एका मुलाखतीत लहानपणच्या हीथकिटची आठवण सांगितली आहे. आजूबाजूच्या वस्तू जादूने येत नाहीत, माणसंच त्या बनवतात, हे त्याला त्या किटमुळे कळलं. १९९२ साली हीथकिटने किट बनवणं बंद केलं तेव्हा कित्येकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं असणार.

आपल्याकडे मात्र ही चैन फारशी कोणाला परवडली नाही. परदेशी सेट म्हणजे डॉलर, पार्सल, कस्टम्स असं सगळं लचांड. त्यामुळे भारतातला हॅम पिढ्यानपिढ्या जुगाडावर जगला. युद्धातले भंगारात निघालेले सेट, मोडलेल्या टीव्हीतले भाग, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली. अडचण बुद्धीची नव्हती, भागांची होती. परदेशी मासिकात सुंदर सर्किट यायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, अमुक नंबरचा टोरॉइड वापरा. आता तो अमुक नंबरचा टोरॉइड बुधवार पेठेत कोण देणार?

नेमकं इथेच हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी काहीतरी वेगळं केलं. त्यांचा कॉलसाइन व्हीयू२ईएसई. आपल्यासारखेच सॉफ्टवेअरवाले. पुढे २०१० साली हैदराबादमध्ये 'लामकान' नावाची सगळ्यांना खुली सांस्कृतिक जागा उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी हे एक. २००३-०४ च्या सुमारास त्यांनी 'बिटएक्स २०' नावाचा ट्रान्सीव्हर डिझाइन केला. १४ मेगाहर्ट्झवर चालणारा, साधारण ६ वॉटचा, आवाजाने बोलता येईल असा. हे डिझाइन त्यांनी विकलं नाही, सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. भागांची यादी वाचली तर डोळ्यांत पाणी येईल. टोरॉइड नाहीत? नळाचे वॉशर घ्या, त्यावर तार गुंडाळा. महागडे मिक्सर नाहीत? साधे डायोड घ्या. पॉवर ट्रान्झिस्टर नाही? आयआरएफ५१० घ्या. हा मुळात स्विचिंगसाठी बनवलेला स्वस्तातला मॉस्फेट, पण रेडिओलाही चालतो.

यातली खरी आयडिया नावातच आहे. 'बिट' म्हणजे आपलं संगणकातलं बिट नव्हे, बायडायरेक्शनल! एरवी ट्रान्सीव्हरमध्ये ऐकण्याचं सर्किट वेगळं, बोलण्याचं वेगळं, म्हणजे भाग दुप्पट. बिटएक्समध्ये हे कोकण रेल्वेसारखं आहे. रूळ एकच, गाडी कोणत्या बाजूने सोडायची ते सिग्नल ठरवणार. ऐकताना सिग्नल अँटेनाकडून स्पीकरकडे जातो, बोलताना माइककडून अँटेनाकडे, आणि मधले मिक्सर आणि क्रिस्टल फिल्टर दोन्ही वेळी तेच. मधल्या प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये दोन ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. ऐकताना एकाला वीज, बोलताना दुसऱ्याला. बस्स. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

तर २०१७-१८ साली, शेवटच्या वर्षाला असताना, मी हा बनवायला घेतला. लायसन्स नुकतंच हातात आलेलं. असले सेट तुकड्या-तुकड्याने बनवायचे असतात. आधी ऑडिओ ॲम्प्लिफायर. त्याच्या इनपुटला बोट लावलं की स्पीकर गुरगुरला पाहिजे. मग ऑसिलेटर, मग फिल्टर, मग पुढचं. प्रत्येक तुकडा तपासूनच पुढे. आपल्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्टिंग. अर्थात मी घाई केलीच. आयआरएफ५१० ला पहिल्यांदा वीज देताना त्याच्या बायसचा पॉट अगदी शून्यावर ठेवून हळूहळू वाढवायचा असतो. माझा कुठेतरी मध्यावर होता. एक बारीक 'फट्', थोडा धूर आणि तो विशिष्ट वास. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले तीनपैकी दोन असेच गेले.

तिसरा टिकला. डमी लोडवर पॉवर दिसली, अँटेना जोडली आणि एका रविवारी सकाळी मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बनवलेल्या सेटवर बोललो. उत्तर चक्क केरळमधून आलं. मी हॉस्टेलच्या गच्चीवर अक्षरशः नाचलो. दोन आठवडे मी हवेत होतो (दोन्ही अर्थांनी :-) ).

मग एका संध्याकाळी फोन आला. आमच्या भागात एक जुने हॅम होते, सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

"काय रे, आत्ता तू बोलतोयस का?"

"हो काका! ऐकू येतंय का? कसा आहे आवाज?"

"मी तुझ्या फ्रिक्वेन्सीवर नाहीच. मी अठ्ठावीसवर बसलोय. इथे मघापासून एक बदक ओरडतंय, आणि ते तुझ्या बोलण्याच्या तालावर ओरडतंय. 'हॅलो टेस्ट' म्हण पाहू."

मी म्हणालो. पलीकडे शांतता. मग काका म्हणाले, "तूच आहेस. आधी सेट बंद कर, मग विचार कर."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: कुठलाही ट्रान्समीटर मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीवरही थोडी घाण टाकतो. त्याला हार्मोनिक म्हणतात. ती अडवायला अँटेनाच्या आधी लो-पास फिल्टर असतो. माझा १४ मेगाहर्ट्झचा आवाज २८ वर जात होता, म्हणजे फिल्टर काम करत नव्हता. मी फिल्टरच्या कॉइल्स पुन्हा मोजल्या. वेढे बरोबर, कपॅसिटर बरोबर. शेवटी रात्री दोन वाजता दिसली ती लाल वायर. टेस्टिंग करताना फिल्टर बायपास करायला मीच तात्पुरती टाकलेली, आणि नंतर काढायची राहून गेलेली. प्रॉडक्शनमध्ये डिबग कोड! दोन आठवडे मी छाती फुगवून बोलत होतो आणि तेवढाच वेळ कोणा दुसऱ्याच्या बँडवर बदकासारखा ओरडत होतो. आणि मला स्वतःला ते ऐकू येण्याची काही सोयच नव्हती. मी वायरचं एक टोक काढलं आणि दुसरं मुद्दाम तसंच ठेवलं.

आता गंमत बघा. ज्या वर्षी माझं हे चाललं होतं, त्याच वर्षी ही गोष्ट जगाच्या पातळीवर घडत होती.

बिटएक्स २० नंतर २०१६ मध्ये फरहान यांनी ७ मेगाहर्ट्झचा 'बिटएक्स ४०' आणला. आता बोर्ड तयार मिळायचा. त्याच्या कॉइल्स गुंडाळण्याचं काम हैदराबादमधल्या महिलांचा गट करायचा. सुरुवातीला या सेटची फ्रिक्वेन्सी तापमानाबरोबर सरकायची. त्यावर 'रॅडुइनो' नावाचं छोटं बोर्ड आलं. आर्डुइनो नॅनो आणि एसआय५३५१ नावाची चिप, प्रोग्रॅम सगळ्यांना खुला. म्हणजे आता सेट डागण्याबरोबर कोडनेही अपग्रेड होणार! लोकांनी आपापले प्रोग्रॅम लिहिले, नवनव्या सोयी घातल्या. मग २०१७ च्या डिसेंबरमध्ये 'मायक्रोबिटएक्स' आला. ३ ते ३० मेगाहर्ट्झ, साधारण १० वॉट, किंमत १०९ डॉलर. एवढ्या पैशांत असं काही मिळत नव्हतं. जगभर उड्या पडल्या.

आणि २०१८ मध्ये काही जणांनी तो स्पेक्ट्रम ॲनालायझरला जोडला.

अमेरिकेतला नियम असा की ३० मेगाहर्ट्झच्या खालच्या ट्रान्समीटरची घाण मूळ सिग्नलपेक्षा किमान ४३ डेसिबलने कमी हवी. म्हणजे विसाव्या नव्हे, वीस हजाराव्या भागापर्यंत. १० वॉट बोलत असाल तर घाण अर्ध्या मिलिवॉटच्या आत. मायक्रोबिटएक्स काही बँडवर यात बसत नव्हता. कारण शोधलं तर काय? फिल्टर उत्तम होते. पण फिल्टर निवडायला जे रिले होते, त्यांच्या एकाच डबीतून फिल्टरमध्ये जाणारा आणि फिल्टरमधून येणारा असे दोन्ही सिग्नल जात होते. मधलं अंतर काही मिलिमीटर. हार्मोनिक फिल्टरमध्ये शिरायच्या भानगडीत न पडता सरळ पलीकडे उडी मारत होतं. थोडक्यात, माझी लाल वायर तिथेही होती. फक्त ती डोळ्यांना दिसत नव्हती.

शिवाय वरच्या बँडवर वेगळीच भुतं होती. या सेटमध्ये आधी ४५ मेगाहर्ट्झवर काम होतं. त्यातून तुमची फ्रिक्वेन्सी वजा करा, तिथेही सिग्नल. २८ वर बोला, १७ वर भूत! ते तर लो-पास फिल्टरला अडवताही येत नाही, कारण ते खाली आहे. भरीस भर म्हणून सुरुवातीच्या काही बोर्डांवरची ऑडिओ चिप थोडं व्होल्टेज वाढलं की फुटायची.

एखाद्या मोठ्या कंपनीत असं झालं असतं तर काय झालं असतं, हे तुम्हाआम्हाला ऑफिसात बसून चांगलं माहीत आहे. पहिले दोन महिने 'आमच्याकडे तर बरोबर चालतंय'. इथे सर्किट उघड्यावर होतं, त्यामुळे लपवायला जागाच नव्हती. लोकांनी ग्राफ टाकले, वाद घातले, कोणी रिले बदलून बघितले, कोणी बाहेरून वेगळं फिल्टर बोर्ड लावलं. फरहानही त्यात उतरले, स्वतः मोजलं, दुरुस्त्या सुचवल्या. पुढच्या आवृत्तीत ती चिप जाऊन साधे ट्रान्झिस्टर आले आणि २०१९ च्या पाचव्या आवृत्तीत रिले आणि फिल्टरची मांडणी बदलली.

पण याला दुसरी बाजूही आहे, ती लिहिली नाही तर लेख खोटा होईल. आधीचे बोर्ड तर विकले गेलेच होते. ते काही ऑनलाइन अपडेटने सुधारत नाहीत. प्रत्येक मालकाने स्वतः डागणी हातात घ्यायला हवी, आणि त्याआधी आपला सेट घाण टाकतोय हे त्याला मुळात कळायला हवं. स्पेक्ट्रम ॲनालायझर तेव्हा हौशी माणसाच्या आवाक्यात नव्हता. २०२० मध्ये टायनीएसए नावाचा खिशात मावणारा ॲनालायझर आला, तेव्हा कुठे हे सोपं झालं. सर्किट खुलं असणं म्हणजे दोष आपोआप दुरुस्त होणं नव्हे. दोष सापडला की तो दुरुस्त करायची मुभा तुमच्याकडे असणं, इतकंच. पुढचं काम तुमचं.

आणि सगळ्यात आधी, कोणीतरी दुसऱ्याने ऐकावं लागतं. बनवणाऱ्याला स्वतःचं बदक ऐकू येत नाही. मला आले नाही, आणि ज्यांच्याकडून मी हे सगळं शिकलो त्यांनाही पहिल्या झटक्यात आलं नाही. फरक कुठे पडतो? फोन आल्यावर तुम्ही सेट बंद करता की फोन, तिथे.

असो. रविवारी सकाळी त्या बोर्डला बारा व्होल्ट दिले. ऑडिओ ॲम्प्लिफायरच्या इनपुटला बोट लावलं. गुरगुरला! पुढचं काही चालत नाही, व्हीएफओ मेला असावा. पुढचे दोन-तीन वीकएंड सत्कारणी लागणार. लाल वायर मात्र तशीच राहील. एक टोक जोडलेलं, दुसरं हवेत.