रिकी नेल्सनची दुसरी तबकडी

अमेरिकेच्या नभोवाणीवर १९४४ साली ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ ओझी अँड हॅरिएट’ ही कौटुंबिक मालिका सुरू झाली. नावात साहसे असली, तरी एका सुखवस्तू घरातील लहानसहान घोटाळ्यांपलीकडे तिच्यात काही नसे. ओझी नेल्सन हा वाद्यवृंदाचा चालक, आणि त्याची पत्नी हॅरिएट त्याच वृंदातील गायिका. आरंभी त्यांच्या दोन पुत्रांच्या भूमिका परकी मुले करीत. १९४९ पासून डेव्हिड आणि रिकी हे खरे पुत्रच ध्वनिक्षेपकापुढे उभे राहू लागले. धाकटा रिकी तेव्हा नऊ वर्षांचाही झाला नव्हता. १९५२ साली मालिका दूरचित्रवाणीवर गेली, आणि हा मुलगा साऱ्या राष्ट्राच्या डोळ्यांदेखत वाढला. घर कोठे संपते व रंगभूमी कोठे सुरू होते, हे त्याचे त्यालाही सांगता आले असते की नाही, याची शंकाच आहे.

१९५७ च्या एप्रिलात, सतरावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, त्याने मालिकेच्या एका भागात फॅट्स डॉमिनो या निग्रो गायकाचे गाजलेले गीत म्हटले. त्या गीताची तबकडी हातोहात खपली. पुढे खुद्द डॉमिनो ज्या इम्पीरियल कंपनीसाठी गात असे, तिनेच रिकीला करारबद्ध केले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘रिकी’ ही त्याची पहिली दीर्घ तबकडी निघाली आणि जानेवारी १९५८ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या यादीत अग्रस्थानी जाऊन बसली.

हे यश कोणाचे? टीकाकारांचे उत्तर तयार होते : दूरचित्रवाणीचे. दर आठवड्यास घरोघरी दिसणाऱ्या गोजिरवाण्या मुलाने काहीही गायिले तरी ते खपावयाचेच. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. पहिल्या तबकडीत साथीला होते ते हॉलिवूडमधील कसलेले, परंतु रोजंदारीचे वादक. आणि गीतांत बिंग क्रॉस्बीच्या धाटणीचे वडीलधाऱ्यांना रुचेल असेही काही होते. त्या तबकडीतील रिकी हा अद्याप ओझीचा मुलगाच आहे.

दुसऱ्या तबकडीच्या वेळी मात्र त्याने एक गोष्ट केली, आणि तिचे महत्त्व त्या काळी फारच थोड्यांना उमगले. त्याने स्वतःचे वादक जमविले. त्यांतील प्रमुख म्हणजे जेम्स बर्टन, लुइझियानातील श्रीव्हपोर्ट गावचा, रिकीहून जेमतेम वर्षाने मोठा. आपल्या गिटारीच्या बारीक तारा काढून तेथे तो बॅन्जोच्या तारा लावी. त्या मऊ असल्याने बोटाने सहज ताणल्या जात, आणि स्वर एका जागी न थांबता माणसाच्या कंठासारखा वळत वर चढे. आपल्याकडील सतारीची मींड ऐकलेल्या कानास यात नवल वाटणार नाही. अमेरिकेतील पोरांना मात्र ते वेड लावणारे होते. रिकीचा आवाज काही मोठा नव्हता. तो मंद, काहीसा संकोची. ओरडून गाणे त्याला कधी साधलेच नाही. बर्टनच्या गिटारीने त्या संकोचाला धार दिली.

‘रिकी नेल्सन’ या नावाची ही तबकडी १९५८ च्या उन्हाळ्यात आली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एल्व्हिस प्रेस्ली सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झाला होता, आणि त्याची जागा कोण घेणार याची चर्चा जोरात होती. रिकीने निवडलेली गीते पाहिली तर त्याची ओढ कोठे होती ते कळते : रॉय ब्राउन, लिटल वॉल्टर, पुन्हा एकदा डॉमिनो. शेजारी ‘आय’ल वॉक अलोन’ हे युद्धकाळातील जुने गीतही आहे. ते मातापित्यांच्या समाधानासाठी असावे!

गंमत अशी की, लोकांनी उचलले ते यांतील कोणतेच नव्हे. शॅरन शीली नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीने रचलेले ‘पुअर लिटल फूल’ हे संथ, साधे प्रेमगीत स्वतंत्र तबकडी म्हणून निघाले. ४ ऑगस्ट १९५८ रोजी ‘बिलबोर्ड’ने ‘हॉट हंड्रेड’ ही नवी यादी प्रथमच छापली, तेव्हा तिच्या शिरोभागी हेच गीत होते. दीर्घ तबकडीला मात्र पहिलीची उंची गाठता आली नाही. डिसेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तरुणांचे दैवत म्हणून रिकीचे चित्र झळकले. दैवताच्या मागे बसून कोण वाजवितो, याची विचारपूस भक्त सहसा करीत नाहीत.

ती विचारपूस इतर वादकांनी केली. मालिकेच्या शेवटी रिकी गाऊ लागला की गावोगावची गिटार शिकणारी मुले बर्टनची बोटे निरखीत. १९६९ साली प्रेस्ली पुन्हा रंगमंचावर आला, तेव्हा त्याने साथीला बोलावून घेतला तो हाच बर्टन.

पहिल्या तबकडीवर घरातले लाडके नाव, दुसरीवर आडनावासह पूर्ण नाव. १९६१ साली एकविसावे वर्ष पुरे झाल्यावर निघालेल्या तबकडीवर नाव छापले गेले ते केवळ ‘रिक’.