एकाच जंतूचा वैरी

तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघते, उरुळी कांचनला दुपारचा विसावा घेते आणि कासुर्डीच्या शिवेवरून यवतच्या पिठलं-भाकरीला पोचते. आता या वाटेवर पाण्याचे टँकर उभे असतात. एकोणिसाव्या शतकात मात्र वारीबरोबर पटकी, म्हणजे कॉलराही, चालायची. गावोगावच्या मरीआया त्या धास्तीच्या साक्षीदार आहेत. पटकीच्या जंतूला नेमकं गाठून मारणारे विषाणू असतात. त्यांना बॅक्टेरिओफाज, थोडक्यात फाज, म्हणतात. त्यांची कुळकथा आपल्याच देशातल्या नदीकाठी सुरू होते.

१८९६ मध्ये आग्र्याच्या अर्नेस्ट हँकिनने गंगा-यमुनेचं पाणी तपासलं. कच्च्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मेले, तेच पाणी उकळल्यावर मात्र तगले. ही करामत फाजचीच होती का, याबद्दल आजचे अभ्यासक साशंक आहेत आणि ती शंका मला रास्त वाटते. तरी वंशावळीत हँकिनचं नाव पहिलं लागतं. १९१५ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्टला आणि १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स डेरेलला खरा माग लागला. डेरेलने हगवणीच्या रोग्यांच्या विष्ठेचं पाणी इतक्या बारीक गाळणीतून काढलं की त्यात एकही जंतू उरू नये. ते जंतूंच्या दाट थरावर पडलं की थरात गोल, नितळ ठिपके उमटत. प्रत्येक ठिपका म्हणजे एका फाजपासून झालेल्या वंशाने फस्त केलेली जागा.

फाज आपला जंतू ओळखतो कसा, याचा पहिला पुरावाही डेरेलचाच, आणि तो प्रयोग फार सुंदर आहे. त्याने फाज आणि जंतू एकत्र करून ते मिश्रण यंत्रात गरगर फिरवलं. जड जंतू तळाशी बसले. फाजला बळी पडणारे जंतू असले, तर फाजही त्यांना चिकटून तळाशी जात. दाद न देणारे जंतू असले, तर फाज वरच्या पाण्यातच राहत. म्हणजे निवड होते ती चिकटतानाच.

सोयरीक जुळवताना आधी कूळ विचारतात, तसा फाज आधी जंतूचं बाह्यांग चाचपतो. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा टी-४ हा फाज घ्या. त्याच्या शेपटीला सहा लांब तंतू असतात. ते जंतूच्या पृष्ठभागावरच्या ठराविक प्रथिनाला आणि शर्करायुक्त मेदाला टेकतात. ही पकड सुटू शकते. पुरेसे तंतू टेकले की आखूड तंतू खाली उतरून कायमचे रुततात, शेपटीचं आवरण आक्रसतं आणि आतली नळी कवच भेदते. मग डीएनए आत शिरतो. अर्ध्या तासात जंतू फुटून शंभरावर नवे फाज बाहेर पडतात.

पटकीच्या जंतूचा आयसीपी-१ हा फाज ढाक्याच्या रोग्यांच्या विष्ठेत सापडला. तो जंतूच्या ओ-१ या बाह्य शर्करेलाच धरतो. ती शर्करा टाकून दिली, तर जंतू या फाजपासून वाचतो, पण आतड्यात त्याला नीट मूळ धरता येत नाही. दोन्हीकडून कोंडी.

१९२७ मध्ये डेरेल भारतात आला आणि पटकीच्या रोग्यांना फाज पाजून पाहण्याची चौकशी पुढे १९३६ पर्यंत चालली. त्यातून सर्वमान्य औषध निघालं नाही. फाजचा हा चोखंदळपणा औषधाला अडचणीचा ठरतो, कारण रोग्याच्या जंतूला लागू पडणारा फाज आधी हुडकावा लागतो. निदानाला मात्र तोच कामी आला. कोलकात्याचे एस. मुखर्जी यांनी निवडलेला चौथ्या गटाचा फाज पटकीच्या जुन्या वाणाला फोडतो, एल टॉर वाणाला नाही. १९६४ मध्ये एल टॉर भारतात आला, तेव्हा दोन वाण वेगळे ओळखायला ही कसोटी हाताशी होती.

पुण्याचं सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा वारीच्या वाटेवरच्या दौंड भागातूनच जाऊन भीमेला मिळते आणि भीमाच पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. नदीत फाज असतात म्हणून पाणी आपोआप शुद्ध होतं, असं अनेकजण अभिमानाने सांगतात. मला हा समज घातक वाटतो. फाज तिथेच वाढतो जिथे त्याचा जंतू असतो, म्हणूनच ई. कोलायचे फाज पाण्यात मिळणं ही मैला मिसळल्याची खूण मानतात. तेव्हा वारीला जाल, तर नदीचं पाणी डोळ्यांना लावा, प्यायला मात्र क्लोरीन टाकलेलं किंवा उकळलेलंच घ्या.