हीटरला खोलीचं तापमान कसं कळतं?

थंडीत वापरायच्या छोट्या इलेक्ट्रिक हीटरवर बऱ्याचदा दोन चकत्या असतात. एक टायमरची, दुसरी थर्मोस्टॅटची. दोन्ही हीटर चालू-बंदच करतात, म्हणून आपण त्यांना एकाच माळेचे मणी समजतो. पण टायमर विचारतो, "किती वाजले?" आणि थर्मोस्टॅट विचारतो, "किती तापलं?" या दुसऱ्या प्रश्नाला एक शेपूट आहे: "कुठे तापलं?" आज बोलायचंय ते या 'कुठे'बद्दल. माझ्या पीएचडीच्या कामात भट्टीत नमुना ठेवताना आधी हेच बघावं लागतं, की तापमान मोजणारं थर्मोकपल नमुन्याजवळ आहे की भट्टीच्या भिंतीजवळ. दोन्हीकडचे आकडे सारखे नसतात.

सुरुवात सतराव्या शतकातून करू. कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) हा मूळचा हॉलंडचा, पण इंग्लंडमध्ये काम केलेला खटपट्या माणूस. त्याने स्वतःची आग स्वतः सांभाळणारी भट्टी बनवली. आत मद्यार्क भरलेलं भांडं आणि त्याला जोडलेल्या नळीत पारा. भट्टी जास्त तापली की मद्यार्क प्रसरण पावायचा, पारा वर ढकलला जायचा आणि त्यावर तरंगणारी काडी हवेची वाट अरुंद करायची. हवा कमी झाली की आग मंद. भट्टी निवली की सगळं उलट. हीच युक्ती त्याने अंडी उबवण्याच्या पेटीसाठीही वापरली.

अंडी उबवण्याचं काम खरंच कसोटी पाहणारं. कोंबडीच्या अंड्याला साधारण २१ दिवस ३८ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते, आणि मधे एक रात्र जरी आग विझली किंवा भडकली तरी सगळी मेहनत वाया जाऊ शकते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये बॉनमेन याने याच कामासाठी शिशाची नळी आणि तिच्यात लोखंडी कांब अशी जोडी वापरली. शिसं लोखंडापेक्षा जास्त वाढतं. त्या फरकावर तरफ हलायची आणि आगीकडे जाणारी हवा कमी-जास्त व्हायची.

आपल्या इस्त्रीत, गिझरमध्ये आणि हीटरमध्ये असते ती दोन धातूंची पट्टी मात्र जन्मली घड्याळात! जॉन हॅरिसन हा इंग्रज घड्याळजी समुद्रावर अचूक वेळ दाखवणारं घड्याळ बनवत होता. उन्हाळ्यात-हिवाळ्यात स्प्रिंगचा ताठरपणा बदलतो आणि वेळ चुकते. त्यावर उपाय म्हणून आपल्या तिसऱ्या घड्याळात त्याने पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. १० सेंटीमीटर लांबीचं पितळ १ अंशाला साधारण ०.००१९ मिलिमीटर वाढतं, पोलाद ०.००१२. हा फरक डोळ्यांना दिसणारा नाही. पण दोन्ही पट्ट्या एकमेकींना घट्ट जखडलेल्या असल्यामुळे जोडी वाकते, आणि ते वाकणं एखादी कळ दाबायला पुरतं. पुढे १८३० मध्ये स्कॉटलंडच्या अँड्र्यू यूरने अशाच पट्टीवर चालणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं आणि त्याला 'थर्मोस्टॅट' हे नाव दिलं.

इथपर्यंत एक गोष्ट समान होती: मोजणारा भाग भट्टीत, पेटीत किंवा यंत्राच्या आतच बसलेला असायचा. तो तिथून बाहेर पडला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये. वॉरन जॉन्सन हे व्हाइटवॉटरच्या कॉलेजात शिकवायचे. खोली फार तापली का, गार पडली का हे बघायला शिपाई वर्गावर्गात डोकवायचा आणि शिकवणं मोडायचं. १८८३ मध्ये जॉन्सननी वर्गात बसवायच्या विजेवर चालणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं. वर्गाचं तापमान बदललं की तळघरात घंटा वाजायची, आणि मग तिथला माणूस उष्णता कमी-जास्त करायचा. दोनच वर्षांनी मिनियापोलिसमध्ये अल्बर्ट बुट्झ यांनी तो माणूसही मधून काढला. खोली गार झाली की थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर कोळशाच्या भट्टीची हवेची झडप आपोआप उघडायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थर्मोस्टॅटला घड्याळ जोडलं गेलं. रात्री गार, पहाटे उबदार. 'किती वाजले' आणि 'किती तापलं' हे दोन प्रश्न एकाच डबीत आले.

मग १९०६ मध्ये आल्बर्ट मार्श यांना निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. लालबुंद होऊनही हवेत जळून न जाणारी तार हाती आली आणि हीटर हातात उचलून नेण्याएवढा झाला. पण जो फिरवायचा, त्याचा थर्मोस्टॅट भिंतीवर कसा बसवणार? तो परत हीटरच्या पोटात गेला. म्हणजे 'कुठे'च्या बाबतीत आपण पुन्हा ड्रेबेलच्या भट्टीपाशी आलो. हीटर कोपऱ्यात असेल तर तो कोपरा लवकर तापतो, हीटर बंद होतो आणि पलंगावरचं माणूस कुडकुडत राहतं. अनेक हीटरच्या चकतीवर अंशांऐवजी १ ते ६ असे नुसते आकडे असतात ते उगाच नाही. खोलीत अमुक अंश राहतील असं वचन तो देऊच शकत नाही.

यावर उपाय म्हणजे जॉन्सनचीच युक्ती. मोजणारा भाग आपण बसतो-झोपतो तिथे ठेवायचा, आणि त्याच्या हुकमावर चालणाऱ्या सॉकेटला हीटर जोडायचा. मात्र २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपिअर घेतो, त्यामुळे ६ अँपिअरचं सॉकेट किंवा टायमर इथे चालणार नाही. बटण दाबून सुरू होणारे बरेच हीटर बाहेरच्या टायमरने वीज दिली तरी पेटत नाहीत, चकतीचे पेटतात. आणि फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो, म्हणजे तासभर वीज गेली तर 'पहाटे पाच' सहाला उजाडतात.

खरी काळजी वेगळीच आहे. मोजणारा भाग कुणी शेजारच्या खोलीत नेऊन ठेवला, तर हीटर ती गार खोली तापवण्यासाठी इथे चालतच राहील. हीटरवर पांघरूण घसरलं तर टायमरला ते कळणार नाही, खोलीच्या थर्मोस्टॅटलाही नाही. तिथे उपयोगी पडतो तो हीटरच्या आतला, जास्त तापल्यावर वीज तोडणारा वेगळा कटआउट. म्हणून तो नसलेला हीटर टायमरवर सोडूच नये, आणि असला तरी रिकाम्या खोलीत नको. व्हाइटवॉटरचा शिपाई शिकवणं मोडायचा हे खरं, पण वर्गात डोकावल्यावर खिडकी उघडी आहे हेही त्याला दिसायचं. थर्मोस्टॅटला फक्त गारवा कळतो, आणि तो हीटर चालू ठेवतो.